जिभेखाली बघणाऱ्या डॉक्टर

नवरात्रातल्या पाचव्या माळेला सकाळी सव्वासातला मी साताऱ्यातल्या या जनावरांच्या दवाखान्याचा फोन लावला. पाटीवर वेळ दहाची आहे, त्यामुळे कुणी उचलेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या रिंगला डॉक्टर मॅडमनी स्वतः उचलला. माझ्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात नातीच्या दातांचं जेल होतं. हळद्या, आमचं मांजराचं पिल्लू, देव्हाऱ्याच्या खाली, भिंतीला अंग लावून बसला होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

मी म्हटलं, "मॅडम, याला दात येताहेत. फार त्रास होतोय. बाळाचं जेल लावू का थोडं हिरड्यांना?"

"काकू, तोंडात काहीही घालू नका. जेल नको, लवंगेचं तेल नको, मध नको. आधी सांगा, उलटी झाली का?"

झाली होती. रात्री दोनदा आणि पहाटे एकदा पिवळा फेस.

"शेवटचं कधी खाल्लं? शी कधी केली?" मला दोन्हींची नीट उत्तरं देता येईनात. "मग हे फक्त दातांचं नाही. नऊला घेऊन या, मी लवकर येते. जबरदस्तीनं भरवू नका, दूध तर अजिबात नको."

दहाचा दवाखाना त्यांनी नऊला उघडला. या दवाखान्याबद्दल चांगलं लिहावं असं माझ्या मनात का आलं, ते खरं तर इथेच सांगून झालं. पण मांजराचं पिल्लू पाळणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

हळद्या आमच्याकडे आला तो आषाढीच्या आठवड्यात. साताऱ्यातला तो पाऊस, आणि हा एवढासा जीव आमच्या जिन्याखाली चपलांच्या रॅकमध्ये ओरडत होता. तेव्हा पहिल्यांदा या दवाखान्यात गेलो. मॅडमनी त्याचा वरचा ओठ बोटानं उचलला आणि वय सांगितलं. दुधाचे सगळे दात आलेले, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांचा. मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला एकही दात नसतो. दोन-तीन आठवड्यांनी पुढचे बारीक दात दिसायला लागतात, मग सुळे, मग दाढा. सगळे मिळून 26. साडेतीन-चार महिन्यांनंतर ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 30 येतात. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. दात पडलेली मुलं मी हजारांनी पाहिली आहेत. मांजराचेही दुधाचे दात पडतात, हे मात्र मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

लशी इथेच झाल्या. मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस दोनदा, दुसऱ्या वेळी बरोबर रेबीजची. मॅडमनी कार्ड करून दिलं, त्यावर पुढच्या तारखा लाल शाईनं लिहिल्या. त्या कार्डाचं महत्त्व मला नवरात्रात समजलं.

नवरात्राच्या आठवडाभर आधीपासून हळद्याला जे दिसेल ते चावायचं वेड लागलं होतं. सुपाची कड, चार्जरची वायर, यांच्या चपलेचा अंगठा, माझ्या बोटांची पेरं. एका सकाळी चटईवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडला, टोकदार आणि आतून पोकळ. मी तो डबीत ठेवला, अजून आहे. पाण्याच्या वाटीच्या कडेला एकदा गुलाबी डाग दिसला. मॅडमना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की हिरडीतून थोडं रक्त येणं, तोंडाला वास येणं, खाताना डोकं एका बाजूला करून चावणं हे या वयात चालतं. कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या, जाड रबराचं खेळणं फ्रीजमध्ये गार करून द्या. "पण खेळणं बंद होता कामा नये आणि खाणं पूर्ण थांबता कामा नये. ही दोन थांबली की दातांना दोष न देता मला दाखवा." हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं, गॅसच्या वरच्या कॅलेंडरवर.

आमच्याकडे घट बसतात. परडीत माती, त्यात पाच धान्यं, वर घट, आणि रोज एक माळ वरच्या आकड्याला बांधून घटावर सोडायची. पहिली विड्याच्या पानांची, मग कारळ्याची, झेंडूची, शेवंतीची. हळद्यासाठी त्या खाली लोंबणाऱ्या माळा म्हणजे जत्राच. तिसऱ्या माळेच्या रात्री तो पाटावर चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कारळ्याची माळ अर्धी. फुलं सगळीकडे विखुरलेली. मी फुलं गोळा केली, अखंड दिवा सांभाळत जागा पुसली, देवीला हात जोडले. दोरा किती उरलाय ते मी बघितलं नाही. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटत असेल तर याचंच.

त्या दिवशी त्यानं थोडंसं चाटून सोडून दिलं. नवरात्रात घरात सामिष शिजत नाही, पण त्याच्यासाठी मी मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर कोंबडीचा तुकडा उकडते. सासूबाई असत्या तरी नाही म्हणाल्या नसत्या. तो वास आला की हा एरवी पायात घोटाळतो. त्या दिवशी नुसता बघत राहिला. लाळ वाढली होती. तो पुढच्या पायानं तोंड पुसल्यासारखं करायचा आणि रिकामं गिळत राहायचा. संध्याकाळी उलटी झाली. या दवाखान्याचा त्या दिवशी सुट्टीचा वार होता, म्हणून आम्ही त्याला दुसऱ्या एका ठिकाणी नेलं. तिथं टेबलावर ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, वय विचारलं, आणि "दात येताहेत, दोन दिवस असं करेल" म्हणून भुकेचं सिरप दिलं. तोंड उघडलं नाही. मीही म्हटलं नाही की उघडा. मला उत्तर हवं होतं आणि ते मिळालं होतं. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी ताप आला तरी दात, जुलाब झाले तरी दात, रात्रभर रडलं तरी दात, हेच ऐकत आणि सांगत आले होते. नातीच्या बाबतीत सूनबाई परवा म्हणालीही, "आई, दर वेळी दातच नसतात." माझं लक्ष नव्हतं.

तर पाचवी माळ. नऊ वाजता दवाखान्यात पोहोचलो. मदतनीस मुलानं हळद्याला टोपलीतून काढलं नाही, वरचं झाकण उघडून टोपलीसकट टेबलावर ठेवलं. मॅडमनी आधी लशीचं कार्ड मागितलं. उलट्या, खाणं बंद आणि वय चार-पाच महिने म्हटलं की त्यांना पहिली भीती वाटते ती पार्व्होच्या जातीच्या विषाणूची. त्या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि लस न घेतलेली पिल्लं फार पटकन जातात. कार्डावरच्या तारखा वाचून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तरी त्यांनी रक्ताचा थेंब घेतला, तपासणीची पट्टीही लावली. दोन्हींत तो आजार आला नाही. ताप 101.6 होता. मांजराला 100.5 ते 102.5 हे नेहमीचंच असतं, हे त्यांनी मला सांगितलं, कारण आकडा ऐकून मी घाबरले होते. वजन 1 किलो 700. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसत होती. शरीरातलं पाणी कमी झालंय, असं त्या म्हणाल्या.

मग तोंड. हे मी अगदी जवळून पाहिलं म्हणून जसंच्या तसं लिहिते. डाव्या हातानं त्यांनी वरून डोकं धरलं, अंगठा आणि बोट गालांच्या हाडांवर. नाक छताकडे केलं. उजव्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडला आणि त्याच हाताचा अंगठा हनुवटीखाली, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत घालून वर दाबला. त्याबरोबर जीभ आपोआप उचलली गेली. मदतनीसानं विजेरी धरली.

"हे बघा काकू."

जिभेच्या बुडाशी पांढरी रेघ होती. केसासारखी. तिच्या दोन्ही बाजूंनी मांस लाल होऊन सुजलेलं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली फास बसून अडकलं होतं आणि बाकीचा दोरा घशातून आत गेला होता.

मला पहिल्यांदा वाटलं ते ओढून काढावं. माझा हात पुढेही गेला असावा, कारण मॅडम एकदम म्हणाल्या, "ओढायचं नाही! कधीच नाही." नंतर सलाईन लावताना त्यांनी नीट समजावलं. मांजराची जीभ खरखरीत असते, तिच्यावरचे काटे आत वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर आला की थुंकता येत नाही, आतच जातो. वरचं टोक जिभेला अडकलेलं आणि खालचा भाग आतड्यात. आतडं आपलं काम करत पुढे ढकलत राहतं, पण दोरा हलत नाही. मग काय होतं? "तुम्ही परकराची नाडी ओढता ना, तसं. आतडं दोऱ्यावर गोळा होऊन त्याला चुण्या पडतात. आणखी ओढलं की दोरा आतून आतडं कापतो." परकराची नाडी म्हटल्यावर मला जे समजलं ते कुठल्याही पुस्तकातून समजलं नसतं. शिक्षिका म्हणून मी एवढं सांगू शकते, की ज्याला समजवायचंय त्याच्या घरातलं उदाहरण देणारा माणूस आपल्या कामात पक्का असतो.

"दातांमुळेच झालं हे," त्या पुढे म्हणाल्या. "हिरड्या शिवशिवतात म्हणून चावतो. चावायला दोरा सापडला. पण लाळ आली ती दोऱ्यामुळे. म्हणून लाळ गाळणाऱ्या प्रत्येक पिल्लाची जीभ उचलून बघायची."

पोटाचं यंत्र इथे छोटं आहे, पण आहे. मॅडमनी स्वतः सोनोग्राफी केली. एक्स-रे मात्र बाहेर काढावा लागतो, रिक्षानं दहा मिनिटं. दोरा एक्स-रेत दिसत नाही. गोळा झालेलं आतडं आणि त्यात अडकलेले हवेचे वेडेवाकडे बुडबुडे दिसतात. आमच्या फोटोत आतडं थोडंसं आखडल्यासारखं होतं, पण गोळा झालेलं नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना बसवून सरळ दोन रस्ते सांगितले. आता हलकी भूल देऊन जिभेखालचा फास कापायचा, म्हणजे वरची पकड सुटेल आणि दोरा खाली सरकू शकेल. सलाईन द्यायचं, दर काही तासांनी पोट चाचपायचं, उद्या पुन्हा फोटो. काही मांजरांत एवढ्यानं दोरा बाहेर पडतो. काहींत पडत नाही, आणि मग पोट उघडावं लागतं. "दुखणं वाढलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा फोटोत आतडं गोळा झालेलं दिसलं, तर मी थांबणार नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बोलून ठेवते, तिथं न्यायचं." खंबाटकी घाटाच्या पलीकडे, तासाभराचा रस्ता. यांनी लगेच गाडीवाल्या शेजाऱ्यांना फोन करून ठेवला.

"एक दिवस आधी आणायला हवं होतं," असंही त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण म्हणाल्या. मला लागलं ते. आता वाटतं, बरं झालं त्या बोलल्या.

साडेअकराच्या सुमारास भूल दिली. मी आत थांबू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "थांबा, पण मधेच बोलू नका." बोथट टोकाची बारीक कात्री, एक कट, झालं. काही सेकंदांचं काम. कापलेलं टोक गिळल्यासारखं आत गेलं. जिभेखाली जखमेची खाच राहिली. भुलीत होता तेवढ्यात त्यांनी बाकीचं तोंड मन लावून पाहिलं. पुढचे दात सगळे कायमचे आलेले. वर उजवीकडे दुधाचा सुळा तसाच, आणि त्याच्या अगदी पुढे नवा जाड सुळा अर्धा वर आलेला. एकाच जागी दोन सुळे. हे काही आठवडे चालतं, म्हणाल्या. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा राहिला तर काढावा लागेल, नाहीतर दोघांच्या मधे अन्न अडकून हिरडी खराब होते. नसबंदीच्या भुलीतच ते काम करू, वेगळी भूल नको.

मला जेलचं विचारायचं होतं. संध्याकाळी रुग्ण कमी झाल्यावर विचारलं. त्यांनी टाळलं नाही, खुर्ची ओढून बसल्या. बाळाच्या दातांच्या जेलमध्ये सुन्न करणारं औषध असतं किंवा ॲस्पिरिनच्या कुळातलं काहीतरी. माणसाचं यकृत अशी औषधं ज्या पद्धतीनं निकामी करून बाहेर टाकतं, ती व्यवस्था मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. लवंगेच्या तेलाचंही तेच. आणि सगळ्यात वाईट पॅरासिटामॉल. आपल्याकडे डोकं दुखलं की घेतात ती 500 ची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. वेळेत आणलं तर उतारा आहे, पण लोक वेळेत आणत नाहीत, कारण आपण औषधच दिलंय असं त्यांना वाटत असतं. मी ती सकाळ आठवली. जेलचं टोपण मी उघडलेलं होतं. तो फोन उचलला गेला नसता तर मी ते लावलं असतं, मायेनंच लावलं असतं.

त्यांनी वेदनाशामकसुद्धा पहिल्या दिवशी मुद्दाम दिलं नाही. शरीरात पाणी कमी असताना सूज-दुखीवरचं औषध दिलं तर मूत्रपिंडाला इजा होते, आधी पाणी भरून निघू दे, मग वजनावर मोजून देऊ, असं म्हणाल्या.

रात्री आठला घरी सोडलं. कागदावर स्वच्छ मराठीत लिहून दिलं. पाणी चमच्यानं नाही, वाटीत ठेवा. मऊ खाणं लिंबाएवढं, चार वेळा. एरंडेल, तूप, जुलाबाचं काही नाही. शीची ताटली दर वेळी बघा. मागच्या बाजूनं दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर तेही ओढू नका, तसंच घेऊन या. रात्री सव्वादहाला त्यांचाच फोन आला, "झोपलाय का? श्वास कसा चाललाय, मोजा बरं." यांनी घड्याळ धरलं, मी पोटाकडे बघत मोजले. मिनिटाला अठ्ठावीस. "छान. झोपा आता तुम्ही पण."

सहाव्या माळेला पुन्हा सलाईन. उलटी नाही. दुपारी त्यानं दोन घास खाल्ले, आणि मला पदराआड तोंड करावं लागलं. त्या दिवशी दुसरा फोटो काढला, आतडं मोकळं दिसत होतं.

सातव्या माळेला पहाटे पाचला यांनी मला उठवलं. ताटलीत शीबरोबर दोरा आला होता, सगळा, दीड वीत लांब, गुंडाळलेला, आणि त्याच्या एका गाठीत कारळ्याची सुकलेली पाकळी तशीच. मी तो कागदात गुंडाळून दवाखान्यात नेला. मॅडमनी हातमोजे घालून तो टेबलावर सरळ केला, पट्टीनं मोजला, दोन्ही टोकं पाहिली आणि कापलेलं टोक कोणतं, चावलेलं कोणतं ते मला दाखवलं. पूर्ण बाहेर आलाय याची खात्री त्यांना करायची होती. मग पहिल्यांदा हसल्या.

आता दवाखान्याबद्दल ज्या गोष्टी जाणाऱ्याला माहीत हव्यात त्या. वेळ सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी पाच ते साडेआठ. आठवड्यात एक दिवस बंद, वार पाटीवर आहे. दुपारी फोन लागत नाही, मदतनीस जेवायला जातो आणि मॅडम तेव्हा खेड्यांतल्या जनावरांना बघायला गेलेल्या असतात. तातडीचं असेल तर मेसेज टाकावा, उत्तर येतं. तपासणीचे 300. आमचं तपासणी, सोनोग्राफी, भूल आणि दोरा कापणं, दोन दिवसांचं सलाईन आणि इंजेक्शनं मिळून 3,200 झाले, बाहेरचे दोन एक्स-रे 1,000. प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेलं बिल मिळतं, आणि काय करायचं त्याचा खर्च आधी सांगतात. त्या सकाळी आमच्याकडे घरातल्या डब्यातले दीड हजार होते. "उरलेले नंतर द्या, आधी कात्री उकळू दे," असं म्हणाल्या.

खटकलेलंही सांगते. बसायला एकच बाक आहे आणि कुत्री-मांजरं तिथेच. आमच्या शेजारी एक मोठा जर्मन शेफर्ड जीभ काढून बसला होता, आणि आजारी हळद्या टोपलीत आणखी आक्रसून गेला. मालकांचा दोष नव्हता, ते बिचारे त्याला मागे ओढत होते. मांजरांसाठी बाजूला एक कोपरा, नुसता पडदा लावला तरी चालेल. तोपर्यंत टोपलीवर जाड टॉवेल टाकून न्या आणि टोपली जमिनीवर न ठेवता मांडीवर धरा. मला हे मदतनीस मुलानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं होतं. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, आमच्या वयाच्या माणसानं हातात टोपली घेऊन चढणं कठीण. एक्स-रेचं यंत्र नाही ही उणीव मोठी. भुकेल्या, आजारी पिल्लाला रिक्षातून नेऊन आणावं लागतं. मॅडमना मी बोलून दाखवलं. त्यांनी सबब सांगितली नाही, "घ्यायचंय, जमेल तेव्हा घेणार" म्हणाल्या.

तरीही साताऱ्यात मला कुणी विचारलं तर मी याच दवाखान्याचं नाव घेईन, आणि विचारलं नाही तरी घेते. सूनबाईच्या मैत्रिणीकडे दोन पिल्लं आहेत, तिला मी फोनवर जीभ कशी उचलायची ते शिकवलं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शिकवा, पण सांगा, दोरा दिसला तर फक्त बघायचं." तेही सांगितलं.

घरात आता काय बदललं, तेही लिहिते, कारण मॅडम दर भेटीला विचारतात. आठव्या आणि नवव्या माळा मी ओवल्या, पण खालचं टोक हळद्याचा हात पोहोचणार नाही इतकं वर घेतलं आणि रात्री देवघराचं दार लावून घेतलं. देवीला चाललं असणार. गजऱ्याचा दोरा, शिवणाचं रीळ, वातींचा कापूस, राखीचा गोंडा, पार्सलची सुतळी, पतंगाचा मांजा, हे सगळं झाकणाच्या डब्यात. गार चिंधी चावायला द्यावी असं कुणीतरी सांगितलं होतं, मॅडमनी ते बंद केलं, चिंधीतूनही दशा सुटतात. जाड रबराचं कडं आहे, ते फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात असतं. झेंडू, कारळं यांची एवढी भीती नाही, पोट बिघडेल इतकंच, पण पुष्पगुच्छातली लिली घरात आणू नका, तिचा पराग अंगावर पडून त्यानं चाटला तरी मूत्रपिंडं जातात, असं त्यांनी बजावलं. दिवाळीत मुलाच्या ऑफिसातून गुच्छ आला, त्यात दोन लिली होत्या. सूनबाईनं दारातच गुच्छ शेजारच्या काकांना देऊन टाकला.

कोजागिरीनंतर पुन्हा दाखवून आलो. जिभेखालची खाच भरली आहे, वजन 2 किलो 150. दुधाचा सुळा अजून तिथेच, हलतोय. हळद्यानं मॅडमच्या अंगठ्याला चावायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चाव, चाव. दोऱ्यापेक्षा हा बरा." पुढची तारीख पंचवीस नोव्हेंबर, लाल शाईत.